खानदेशातील राहत्या वाड्यांच्या डागडुजीविषयी सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा धाब्याचा वाडा आहे आणि त्यात आमची चौथी पिढी राहते. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात तेच आमचे धाबे: सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यावर काटक्यांचा दाट थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तरी आमच्या माजघरात दुपारी निजता येते, ते या धाब्यामुळे आणि दोन हात जाडीच्या भिंतींमुळे. शेजारचा वाडा पाडून तिथे स्लॅबचे घर उभे राहिले. त्या घरातील माणसे उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत ओट्यावर बसलेली असतात.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, सर्वांनीच सांगितले म्हणून, वडिलांनी आमच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. मातीची भिंत ओल शोषते आणि पुन्हा बाहेर सोडते. सिमेंटने तिची ती वाट बंद झाली, ओल आत साचली, आतल्या बाजूला क्षार फुटले आणि भिंतीत बसवलेली तुळयांची टोके कुजली. त्यातच आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चुना ही हालचाल बरीचशी सोसतो, सिमेंटच्या ताठ थराला मात्र तडे जातात. दोन वर्षांपूर्वी आम्ही तो गिलावा उतरवला, कुजलेली टोके तेवढी कापून जुन्या सागाचे जोड दिले आणि मुरवलेल्या चुन्यात वाळू, गुळाचे पाणी व बेलफळाचा गर घालून नव्याने गिलावा केला. हे काम जाणणारा गवंडी शोधण्यात चार महिने गेले. तो सत्तरी ओलांडलेला आहे आणि त्याचा मुलगा फरशी बसवण्याचे काम करतो.

या काळात पाहणीस आलेल्या एका अभियंत्याने, एकही तुळई न ठोकून पाहता, वाडा पाडण्याचा सल्ला दिला, आणि एका बँकेने मातीच्या घरावर दुरुस्तीचे कर्ज देण्यास नकार दिला. ग्रामीण घरकुल योजनेतही मातीच्या भिंतीचे घर ‘कच्चे’ गणले जाते व अनुदान मिळते ते नवे पक्के घर बांधण्यासाठी. काही वाडे खरोखरच धोकादायक आहेत, ते उतरवलेच पाहिजेत, आणि जुन्या घरात राहणाऱ्याला नळ व शौचालय नको असते असेही कोणी समजू नये. परंतु दुरुस्त होऊ शकणारा वाडाही पाडणेच सोयीचे ठरावे, अशी आजची व्यवस्था आहे. त्यात वाटेकरी अनेक असले की कोरीव खांब व महिरपी लाकडाच्या भावाने विकल्या जातात.

प्राचीन स्मारकांविषयीचा १९६० चा राज्य अधिनियम किल्ले व मंदिरे यांच्या कामी येतो. नांदत्या घरापर्यंत तो सहसा पोहोचत नाही. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियमावली आहे, आणि उर्वरित राज्यासाठीच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंची तरतूद आहे. पण वास्तूंची यादीच झाली नाही तर ती तरतूद कागदावर राहते. धुळे हे इतिहासाचार्य राजवाडे यांची कागदपत्रे सांभाळणारे शहर आहे. ज्या वाड्यांच्या माळ्यांवर अशी दप्तरे जपली गेली, त्या वाड्यांची नोंद आपण ठेवू नये, हे मनाला लागते.

म्हणून विनंती अशी की जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील राहत्या वाड्यांची व धाब्याच्या घरांची पाहणी करून यादी करावी. पाडण्याची नोटीस देण्यापूर्वी माती, चुना व लाकूड यांच्या बांधकामाची जाण असलेल्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल बंधनकारक करावा. आणि दुरुस्तीसाठी, मग ती हप्त्याहप्त्याने का होईना, अनुदान द्यावे. मात्र या सर्वांहून तातडीचे काम कारागिरांचे आहे, कारण यादी पुढच्या वर्षीही करता येईल. चुना जाणणारे हात तोवर असतीलच असे नाही.

आमच्या मागल्या पडवीची भिंत अजून सिमेंटखालीच आहे आणि दिवाळीनंतर ते काम निघेल. त्याच गवंड्याने होकार दिला आहे. आपल्या विभागाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील चार-सहा मुले त्या महिन्याभरासाठी पाठवली, तर त्यांच्या राहण्याजेवणाची सोय आम्ही आमच्या वाड्यातच करू.

आपला विश्वासू,
एक वाडामालक, जळगाव जिल्हा