योगीच्या गळ्यातला टाय

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी शाहूपुरीत फ्लेक्स-डिझाईनचं काम करतो. परवा माझा सहावीतला भाचा मोबाईलवर जुना स्कूबी डू बघत बसलेला, मध्येच म्हणाला मामा हे फसवतायत की, मागं तीच खिडकी आणि तोच दिवा परत परत येतोय! त्याला म्हटलं, बाळा ही फसवणूक नव्हे, कमी पैशात काम उभं करायची कला आहे ही.

स्कूबी डू काढणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओचं नाव आपल्याकडं फार लोकांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या कार्टूनवर आपल्या दोन पिढ्या वाढल्यात. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीत 1940 ला टॉम अँड जेरी सुरू केलं, त्याला सात ऑस्कर मिळाले, आणि एवढं करून 1957 ला कंपनीनं कार्टूनचा विभागच बंद केला. वीस वर्षांची नोकरी गेली. त्याच वर्षी दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, तेही टीव्हीसाठी, जिथं पिक्चरच्या मानानं पैसा अगदीच थोडा. पडद्यावर एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात, तेवढी चित्रं काढायला पैसे आणायचे कुठनं? मग त्यांनी आपल्या कार्टूनमधल्या योगी नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर-टाय बांधला. धड तेच ठेवायचं, जोड कॉलरच्या रेषेवर लपवायचा आणि मुंडकं तेवढं नवीन काढायचं.

भाच्याला हे पटेना. मग दुकानातल्या पारदर्शक शीटवर मार्करनं अस्वलाचं धड काढलं, दुसऱ्या तुकड्यांवर नुसती तोंडं, मिटलेलं, उघडं, ओठांचा चंबू केलेलं, आणि एकेक तुकडा कॉलरवर ठेवत गेलो. अस्वल बोलायला लागलं! पोरगं तासभर हललं नाही तिथनं.

याच युक्तीवर 1960 ला त्यांचं फ्लिंटस्टोन्स हे कार्टून टीव्हीवर रात्रीच्या मुख्य वेळेत आलं, मोठ्या माणसांनी पण बघितलं आणि 166 भाग चालले. स्कूबी डू 1969 चा, ते कुत्रं रेखाटलं इवाओ ताकामोटो यांनी, ज्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत जपानी वंशाचे म्हणून पोरवयात घरच्यांसोबत छावणीत डांबलेलं आणि तिथंच सोबतच्या कैद्यांकडनं ते चित्रं काढायला शिकले. आणि त्या जुन्या स्कूबीत भुताचा मुखवटा ओढला की आत माणूसच निघतो, ही गोष्ट मला लहान पोरांसाठी फार मोठी वाटते. पुढं 1970 च्या दशकात हॅना-बार्बेराचं बरंच काम घाईचं, एकाच साच्यातलं झालं, हे पण खरंय.

1991 ला टर्नर या अमेरिकन टीव्ही कंपनीनं हा स्टुडिओ घेतला, त्या जुन्या साठ्यावर 1992 ला कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि 1995 ला भारतात आलं. आमच्या गल्लीत स्वॅट कॅट्सच्या वेळेला क्रिकेट थांबायचं. ते पण यांचंच, 1993 चं.

हे सगळं कोल्हापुरात सांगायचं कारण म्हणजे बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच खटपट करून बनवला, आणि 1929 ला इथं जन्मलेल्या प्रभात फिल्म कंपनीनं पुण्याला गेल्यावर 1934 ला जंबूकाका नावाचं कार्टून काढलं. हाताशी आहे त्यात भागवायची सवय आपल्या मातीत आहे. पण गावातल्याच एका क्लासमध्ये भाच्याची चौकशी करायला गेलो तर उत्तर मिळालं, चित्रकला यायची गरज नाही, सॉफ्टवेअर सगळं करतंय. ऐकून लई वाईट वाटलं, अहो पेन्सिल न धरता पोराला हालचाल कळणार कशी?

म्हणून एक विनंती. मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या बालपुरवणीत दर रविवारी अर्धं पान द्या, एक धड आणि सहा-सात तोंडं, कापून जोडायला. रेषा मी काढून देतो, पैसे नकोत.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर