गोर्लित्सहून बाळ्याला

प्रिय बाळ्या,

फोनवर सूनबाई शेजारी असतात, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

अनिकेत जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करतोय. २०२४ पासून जर्मनीला दोन नागरिकत्वं चालतात, आपल्याला अजून चालत नाहीत. म्हणजे आपलं सोडायचं.

हे सांगायला त्यानं मला ड्रेस्डेनहून गोर्लित्सला नेलं. गाव बघून तू वेडा होशील. महायुद्धात फारसं न पडलेलं, कोरीव दारं, नक्षीदार सज्जे, १५२६चा शोनहोफ वाडा. १९९५ पासून २०१६ पर्यंत कुणीतरी दरवर्षी दहा लाख मार्क, पुढे तेवढ्याच किमतीचे युरो, डागडुजीला पाठवले, नाव गुपित! आणि आपल्या वाचनालयात पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचे आजोबा.

१९४५ ला नायसे नदी सीमा झाली आणि पलीकडचं गाव पोलंडला गेलं. उडवलेला पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. बायका पिशव्या घेऊन इकडून तिकडे. अनिकेत म्हणाला, "बघा बाबा, कुठे राहिली सीमा?" तेवढ्यात पोलिसानं नेमकं आम्हालाच थांबवलं. "म्हणूनच हवा जर्मन पासपोर्ट," हा म्हणतो. अरे, पासपोर्ट उघडायच्या आधी तो तोंड बघतो!

८६ साली आपण 'बेळगाव, कारवार, निपाणी'साठी घसे फोडले. (तू लाठी खाल्लीस, कबूल. पण मी पळालो नव्हतो, सायकल आणायला गेलो होतो. किती वर्षं तेच!) आपण सीमाभागासाठी भांडलो, हा अख्खा देश सोडतोय, तोही ऑनलाइन फॉर्म भरून. मत नाही देता येणार त्याला, बाळ्या. बरं, त्याचं चुकतंय असंही नाही. नोकरी इथे, नातीची शाळा इथे. म्हणून तर धड रागावताही येत नाही.

गोर्लित्सच्या उंटरमार्क्ट चौकात एक दगडी कमान आहे. एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. मी कुजबुजलो, "थांब ना एक वर्ष." पलीकडून उत्तर, "बाबा, फी भरलीय."

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? स्मिताचं जमलं म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

तो तुला काका मानतो, माझ्यापेक्षा तुझं ऐकतो. फोन करशील त्याला? की तूही म्हणणार, जाऊ दे पोराला? काय ते लवकर कळव, पण मला, त्याला नाही.

तुझा,
वश्या