मियोशीहून पत्र: सांको लाईन का बंद झाली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी इथे जपानात मजेत आहे, तब्येत उत्तम. बाबा, रेल्वे बंद झालेल्या गावात मी अडकलोय हे मनातून काढून टाका. बंद झाली ती सांको लाईन, इथून नदीकाठाने गोत्सू शहराला जाणारी. हिरोशिमाला जाणारी गेइबी लाईन चालू आहे. दवाखाना, बाजार सगळं इथेच आहे.

तुम्ही कारण विचारलंत. लाईन १०८.१ किलोमीटरची. गोत्सूकडचा पहिला टप्पा १९३० साली सुरू झाला आणि मधला हामाहारा ते कुचिबा स्टेशनांचा टप्पा जोडला गेला थेट १९७५ ला. तोवर तरुण माणसं शहरात निघून गेली होती. जुने टप्पे गोनोकावा नदीच्या वळणांनी जातात, तिथे दरडींच्या भीतीने काही ठिकाणी ताशी ३० किलोमीटरनेच गाडी न्यावी लागे. मधला टप्पा बोगद्यांतून, पुलांवरून सरळ. त्यातलं उझुई स्टेशन जमिनीपासून २० मीटर उंचावर, दोन बोगद्यांच्या मध्ये. लिफ्ट नाही, ११६ पायऱ्या. गावात राहिलेली माणसं म्हातारी, त्यांनी कसं चढायचं?

१९८० च्या कायद्याने तोट्यातल्या लाईनी बंद होऊ लागल्या, तेव्हा शेजारून धड रस्ता नाही म्हणून ही वाचली. पुढे रस्ते सुधारले. १९८७ साली लाईनीवरच्या एखाद्या ठिकाणावरून रोज सरासरी ४५८ प्रवासी जात, २०१६ ला ८३. त्यात पूर. २०१३ च्या पुरानंतर पूर्ण लाईन चालू व्हायला जवळपास वर्ष गेलं. शेवटची गाडी ३१ मार्च २०१८ ला धावली. लाईन वाईट नव्हती, फार उशिरा पुरी झाली, एवढंच मला वाटतं.

आई, तू येशील तेव्हा गोंधळ नको म्हणून इथल्या गाडीभाड्याचं नीट सांगतो. सांकोतही हीच पद्धत होती. एका डब्याच्या गाडीत कंडक्टर नसतो. मागच्या दाराने चढायचं आणि तिथल्या मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची. पुढे ड्रायव्हरच्या वर फलक असतो, त्यावर आपल्या नंबराखाली भाडं दिसतं, ते स्टेशनागणिक वाढतं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. पेटी उरलेले परत देत नाही, म्हणून हजाराची नोट आधीच शेजारच्या मशीनमध्ये मोडून घ्यायची, तीही गाडी थांबलेली असताना. चिठ्ठी हरवू नकोस, नाहीतर पहिल्या स्टेशनपासूनचं भाडं पडतं.

पैसे पाठवलेत. हप्ता त्यातूनच भरा, पत्र्याचं काम अडवू नका. मनूच्या साखरपुड्याला मी नसणार, याचं फार वाईट वाटतंय. तिला मीच फोन करतो. लग्नाची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात धरा, तेव्हा इथे जोडून सुट्ट्या असतात, नक्की येईन. माझ्या स्थळाचं त्यानंतर बघू, आत्ता कोणाला शब्द देऊ नका.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू