मदतनीसही शिकवते, मग प्रशिक्षण सेविकेपुरतेच का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाडी मदतनीस भरतीची जाहिरात लागली की गावात बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला आणि गुणांची बेरीज यांचीच चर्चा सुरू होते. निवड झालेल्या बाईला तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत काम कसे करायचे हे कोण, कधी आणि किती दिवस शिकवणार, हे ना जाहिरातीत असते ना नियुक्तीच्या आदेशात.

पूर्वी मदतनीसपदाला सातवी पुरत असे. २०२३ पासून राज्यात सेविकेप्रमाणे मदतनीसलाही बारावी उत्तीर्णची अट आहे. वय १८ ते ३५, विधवांसाठी ४० पर्यंत. उमेदवार स्थानिक रहिवासी हवी आणि लहान कुटुंबाची (जास्तीत जास्त दोन अपत्यांची) अट पाळणारी हवी. निवड १०० गुणांच्या यादीवर होते. त्यातले ७५ शिक्षणाचे, आणि त्यातही ६० एकट्या बारावीच्या टक्क्यांवर. उरलेले १५ पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड., बी.एड. आणि एमएस-सीआयटीत विभागलेले. बाकीचे २५ विधवा किंवा अनाथ असणे, सामाजिक प्रवर्ग आणि आधीचा अनुभव यांसाठी. अर्ज करणाऱ्या भगिनींनी एक काळजी जरूर घ्यावी. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि रहिवासी दाखल्यावर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत अर्जासोबतच जोडावी. हक्काचे गुण हातचे जातात ते बहुतेक वेळा अशा एका कागदापायी.

या यादीत एमएस-सीआयटीला दोन गुण आहेत. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मात्र वेगळा एकही गुण नाही. संगणकाचे प्रमाणपत्र मोजायचे आणि बालवाडीचे मोजायचे नाही, हे मला मुळातच चुकीचे वाटते.

कागदावर मदतनीसचे काम म्हणजे झाडलोट, पाणी भरणे, मुलांना घरून आणणे, आहार शिजवणे आणि वाढणे. प्रत्यक्षात सेविका मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी करत असते, गृहभेटीला किंवा बैठकीला गेलेली असते, तेव्हा वीस-पंचवीस मुलांचा वर्ग मदतनीसच सांभाळते. काही शिकवलेले नसल्यामुळे ती आपल्या शाळेत पाहिले तेच करते: पाटीवर ‘अ’ काढून देते आणि गिरवायला लावते. पालकही त्यावर खूश असतात. पण तीन वर्षांच्या मुलाची बोटे आणि मनगट पेन्सिल धरण्याइतके तयार नसते. मुठीत पेन्सिल आवळून जोर दिला की हात दुखतो आणि मूल पाटीपासून पळू लागते. माती मळणे, कागद फाडणे, मोठे मणी ओवणे, धान्य निवडणे यांतून ते स्नायू तयार होतात. एवढी गोष्ट एका दिवसाच्या प्रात्यक्षिकात नीट समजते.

उंची मोजण्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवे निजवून मोजतात आणि त्याला दोन माणसे लागतात. एकीने डोके वरच्या फळीला टेकवून सरळ धरायचे, दुसरीने गुडघे हलके दाबून तळपायाला सरकती फळी लावायची. डोके धरणारी बहुधा मदतनीस असते. तिचा हात सैल पडून मान वाकडी झाली किंवा गुडघे वाकलेले राहिले, तर लांबी कमी भरते. मग मूल उगीचच खुजे नोंदवले जाते. त्याहून वाईट म्हणजे कमी लांबीच्या मानाने त्याचे वजन पुरेसे दिसते आणि खरोखर तीव्र कुपोषित असलेले बाळ यादीतून निसटते. उभे राहून घेतलेली उंची झोपवून घेतलेल्या लांबीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी येते, हेही तिला माहीत असायला हवे. माहीत नसेल तर दोष तिचा कसा म्हणायचा?

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेच्या जुन्या रचनेत सेविकेला २६ दिवसांचे प्रशिक्षण होते, मदतनीसला ५ दिवसांचे उद्बोधन. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हे अंगणवाडीतल्या बालशिक्षणाचे केंद्राचे अभियान सुरू झाले, त्याचे तीन दिवसांचे सत्रही सेविकांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेले. इकडे केंद्राच्या सक्षम अंगणवाडी मार्गदर्शक सूचना सांगतात की सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे सेवा झालेल्या, पात्र मदतनीसांतून भरावीत. म्हणजे आजची मदतनीस ही उद्याची शिक्षिका. तिला पाच वर्षे काहीच न शिकवता एका सकाळी वर्ग हाती द्यायचा, हे मुलांवर अन्यायाचे आहे. सातवीच्या अटीवर लागलेल्या, पंधरा-पंधरा वर्षे राबलेल्या, पण बारावी न झालेल्या मदतनीसांना तर बढतीचा हा दरवाजाही बंद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्त्यांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. ती सोय मदतनीसांना नावानिशी लागू करावी, आणि शुल्क शासनाने भरावे. सेविकेला १३ हजार आणि मदतनीसला साडेसात हजार मानधन आहे. त्यातून तिने फी भरावी, ही अपेक्षाच गैर आहे.

नियुक्तीच्या आदेशातच प्रशिक्षणाची तारीख आणि केंद्र छापावे. पहिल्या महिन्यात निदान पाच दिवस: दोन खेळ आणि गोष्टींतून शिकवण्याचे, एक वजन-उंची आणि दंडघेर मोजण्याचा, एक आहाराच्या स्वच्छतेचा, एक अपंगत्वाची लक्षणे ओळखण्याचा. हे वर्ग चालत्या अंगणवाडीत, मुलांसमोर व्हावेत; सभागृहातल्या पडद्यावर बाळाचे डोके धरायला शिकता येत नाही. सेविका आणि मदतनीस यांना एकाच वेळी बोलावले तर अंगणवाडीला कुलूप लागते. म्हणून दोघींच्या तुकड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या पाच दिवसांत आहार शिजवण्याचे काम गावातल्या बचत गटाकडे लेखी आदेशाने द्यावे, त्याचे पैसेही त्याच महिन्यात चुकते करावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, सातारा जिल्हा