भेटवस्तूंचं कपाट आणि भिंतीवरचं चित्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत छोट्या गावांतल्या कलादालनांवरचा लेख वाचला. भिंतीवर मोजकी चित्रं आणि खाली कपाटभर कप, शुभेच्छापत्रं, की-चेन, मेणबत्त्या. म्हणजे कला संपली आणि दुकान उरलं, असा लेखाचा सूर आहे. लेख तळमळीने लिहिलाय, यात शंका नाही. पण मी गेली बावीस वर्षं लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्यावरून कागदावर छाप काढते, आणि त्यातली एकोणीस वर्षं माझं काम अशाच एका दालनात विकायला असतं. त्या कपाटाची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून हे पत्र.

दालन नवरा-बायको चालवतात. काका फ्रेमा करतात; काकू हिशेब, मांडणी आणि गिऱ्हाईक बघतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन फूट रुंदीचा लिनोकट गुंडाळी करून नेला होता. काकूंनी आधी हात पुसले, मग तो टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि खालच्या कडेला मी पेन्सिलीने लिहिलेला आकडा वाचला. 4/20.

"बाकीचे कुठे आहेत?"

"अजून छापले नाहीत. चारच झालेत."

"मग वीस कशाला लिहिलंस? आधी छाप, मग लिही."

मी ओशाळले. वीसपैकी चौथा असं लिहिलं, की वीसच छापायचे आणि एकविसावा कधीच काढायचा नाही, हा घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण तो शब्द पाळला जातोय की नाही हे विचारणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. काकूंनी चित्र ठेवून घेतलं, भिंतीवर चांगली जागाही दिली. मग म्हणाल्या, "हे जायला वेळ लागेल गं. एवढं मोठं प्रत्येकाच्या भिंतीला झेपत नाही. तोवर तळहाताएवढं काहीतरी कर."

खरं सांगते, मला राग आला होता. तरी केलं. किटली, कात्री, खिडकीत बसलेलं मांजर, असे छोटे ठसे कोरले आणि घडीच्या पत्रांवर हाताने छापले. पहिली पन्नास पत्रं महिन्याभरात संपली. त्या पैशांत पुढच्या मोठ्या कामाचा कागद आणि शाई आली. मोठा लिनोकट चौदा महिने भिंतीवर होता. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी लाल टिकली, म्हणजे विकल्याची खूण, दिसली. घेणाऱ्या बाई वर्षभर कपाटातली मांजराची पत्रं नेत होत्या. दर वेळी येताना त्या भिंतीपुढे थांबायच्या, असं काकूंनी नंतर सांगितलं.

आता काकांच्या टेबलाकडे या. माउंटची, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती बसणाऱ्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी कापताना पातं पंचेचाळीस अंशांत तिरकं धरावं लागतं. कोपऱ्यात ते केसभर पुढे गेलं की तो अख्खा बोर्ड मोठ्या चित्रासाठी वाया जातो. काका तो फेकत नाहीत. त्यातून चार छोटे माउंट काढतात आणि ते कपाटातल्या छोट्या छापांना बसवतात. लेखकाला जे कपाट भिंतीवरच्या कलेच्या मुळावर उठलेलं वाटतं, त्यातला निम्मा माल असा भिंतीच्याच कामातून उरलेला असतो. आणि दालनाचं भाडं बहुतेक महिन्यांत फ्रेमा आणि कपाट मिळून भरतात. चित्र विकलं गेलं तर सण, नाही गेलं तरी दार उघडं.

ही काही आजची तडजोड नाही. पॅरिसमध्ये ज्युलियाँ तांगी नावाचा रंगविक्रेता होता. पैसे नसलेल्या चित्रकारांना तो रंग द्यायचा आणि बदल्यात चित्रं ठेवून घ्यायचा. चित्रकार सेझानची चित्रं पॅरिसमध्ये पाहायची तर कित्येक वर्षं त्याच्याच दुकानात जावं लागे. व्हॅन गॉगने 1887 मध्ये त्याचं व्यक्तिचित्र रंगवलं तेव्हा मागची सगळी भिंत जपानी छापचित्रांनी भरून टाकली. आणि ती जपानी चित्रं तरी काय होती? साध्या माणसाला परवडावीत म्हणून लाकडी ठशांवरून मोठ्या संख्येने छापलेली. 1831 च्या सुमाराची होकुसाईची ती प्रसिद्ध लाट त्यातलीच.

आपल्याकडचं उदाहरण केकू गांधींचं. 1941 मध्ये त्यांनी मुंबईत केमोल्ड या नावाने फ्रेमांचा धंदा सुरू केला आणि दुकानाच्या काचेत त्या वेळच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावायला लागले. त्यातूनच पुढे 1963 मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. शुभेच्छापत्राला हलकं समजणाऱ्यांसाठी आणखी एक. 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचं पत्र काढून घेतलं आणि छापून विकायला ठेवलं. बाजारात विकलेलं ते पहिलं नाताळपत्र मानतात. हेच कोल पुढे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे पहिले संचालक झाले.

कमिशनबद्दल लेखात जे लिहिलंय, ते मला लागलं. दालनं विक्रीतले चाळीस-पन्नास टक्के ठेवतात हे खरं आहे आणि ऐकताना ते जास्त वाटतं. पण माल आमचा, धोका त्यांचा, असा हा व्यवहार. चित्र विकलं जाईपर्यंत भिंत, दिवे, काच, धूळ पुसणं, येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच न कंटाळता समजावणं, सगळं त्यांच्याकडे. काकूंच्या वहीत प्रत्येक कामाची एक ओळ आहे: कधी आलं, कुणाचं, काय ठरलं, कधी गेलं, पैसे कधी दिले. शेवटचा रकाना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरला जातो. एकोणीस वर्षांत तो एकदाही रिकामा राहिलेला मी पाहिलेला नाही.

वही नसली की काय होतं तेही मी भोगलंय. दुसऱ्या एका गावातल्या दालनाला मी सहा छापे दिले होते. पावती मागितली नाही, ही चूक माझी. दोन वर्षांनी आणायला गेले तर दोन सापडतच नव्हते आणि उरलेले चार समोरच्या काचेत, थेट उन्हात लावलेले. माउंट स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लाने कागदावर चौकटीसारखी तपकिरी रेघ उमटली होती. ती जात नाही. उन्हाने उडालेला रंगही परत येत नाही. आज थोडा, उद्या थोडा, नुकसान साठत जातं. म्हणून तर संग्रहालयं कागदावरच्या कामाला साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश देत नाहीत. आमचे काका लक्स मोजत नाहीत, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर कागदाचं काम कधीच लावत नाहीत. तिथे मातीची भांडी. माउंट आम्लमुक्त, काच आणि कागद यांच्यात हवेला जागा, आणि चित्र चिकटपट्टीने न डकवता जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर गव्हाच्या खळीने टांगलेलं, म्हणजे उद्या कुणाला काढायचं झालं तर पाण्याच्या बोटाने सुटावं.

लेखकाचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं. काही ठिकाणी इंकजेटवर काढलेल्या प्रतीलाच 'जिक्ले' असं भारदस्त नाव लावून मूळ कामाच्या तोऱ्यात विकतात. हा शब्द 1991 मध्ये जॅक ड्युगन या अमेरिकन मुद्रकाने इंकजेट छपाईसाठीच काढला. चांगल्या शाईची, चांगल्या कागदावरची अशी प्रत घरात लावायला उत्तमच असते, पण ती प्रत आहे. माझ्या लिनोकटच्या प्रत्येक छापाला रोलरने शाई लावताना माझा हात लागलेला असतो. त्या प्रतीला यंत्राचा. दोन्ही विका, पण चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. काकू लिहितात: 'हाताने छापलेलं', 'यंत्रावरची प्रत', 'मूळ चित्र'. चौथा प्रकार त्यांच्याकडे नाही.

आणि वाचकांनाही एक सांगायचंय. दालनात शिरून मोबाईलवर चित्राचा फोटो काढायचा आणि बाहेरून तो मोठा छापून घ्यायचा, हे सर्रास चालतं. माझ्याच मांजराला मी एका दवाखान्याच्या भिंतीवर तीन फुटी होऊन बसलेलं पाहिलं आहे. चित्र विकत घेतलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क, वेगळा लिहून दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. इथे तर चित्रही घेतलेलं नव्हतं. तळहाताएवढं एक पत्र कपाटातून नेलं असतं तरी मला आनंद झाला असता.

शेवटी आपल्याकडे एक मागणं. त्या लेखासोबत पान अर्धं व्यापणारा रंगीत फोटो आहे, एका जलरंगचित्राचा. ओळ आहे, 'दालनातील एक चित्र'. छायाचित्रकाराचं नाव कडेला आहे, लेखकाचं वर आहे. ज्याने किंवा जिने ते रंगवलं, त्याचं नाव कुठेच नाही. अशा दालनात चित्राखाली नावाची चिठ्ठी असतेच. पुढच्या वेळी तेवढं नाव टिपून छापावं. या वेळचं राहिलेलं नाव दालनाला विचारून येत्या रविवारी दिलंत, तर फार बरं होईल.

आपली,
एक मुद्राचित्रकार वाचक