ते सहा महिने वाया नाहीत

नागपूर, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या इंटर्नशिपमध्ये सहा महिने वाया चालले, सोडून देतो आणि सव्वा लाखाचा सायबर सिक्युरिटीचा कोर्स लावतो," हे वाक्य डोक्यातून जाईना. कोर्सचं तू आणि काका मिळून ठरवा. पण ते महिने वाया चालले असं म्हणू नकोस. आज मी सायबर सिक्युरिटीचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायचं, जे काम करतो त्याचा पाया माझ्या इंटर्नशिपमध्येच पडला. तो कसा, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही.

तू पुण्याला गेलास त्याच उन्हाळ्यात मी इथे आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत लागलो. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, खिडकीत खसचा कूलर घरघरतोय आणि मी दिवसभर एकच काम करतोय. पॅथॉलॉजी लॅबचं अ‍ॅप होतं. टेस्ट केस, म्हणजे तपासायच्या पायऱ्या, अशी : रुग्णाने लॉगिन करावं, 'रिपोर्ट डाउनलोड' दाबावं, पीडीएफ उघडावी. उघडली की 'पास' लिहायचं. एका दुपारी डाउनलोडच्या लिंककडे लक्ष गेलं. शेवटी १०४७ होतं. मी ७ खोडून ८ केला आणि एंटर दाबलं.

दुसऱ्याच कुणा बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, मोबाईल नंबर, सगळं समोर. टेस्टिंगच्या सर्व्हरवर खोटी नावं असायला हवी होती. कुणीतरी खरा डेटा जसाच्या तसा आणून टाकला होता. मी ती खिडकी झटकन बंद केली. चोरून कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

हा दोष बग म्हणून नोंदवला. डेव्हलपरने तासाभरात 'नॉट अ बग' करून बंद केला. म्हणाला, "अबे, युजर असं काऊन करेल?" मग मी दोन खाती नवी उघडली, दोन्हींत खोटे रिपोर्ट टाकले, पहिल्या खात्यातून दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो हे एकेका पायरीनिशी लिहिलं. सर्व्हरकडून काय उत्तर यायला हवं : ४०३, म्हणजे परवानगी नाही. काय आलं : २००, म्हणजे घ्या, हा रिपोर्ट. आमच्या टीम लीड मॅडमनी ते वाचलं आणि त्याच संध्याकाळी रिलीज थांबवला.

दुरुस्तीतही मी एक गोष्ट शिकलो. आधी डेव्हलपरांनी १०४७ च्या जागी अक्षरं-आकड्यांची लांबलचक साखळी टाकली. ओळखायला कठीण, पण ती लिंक कुणाच्या हाती लागली तर रिपोर्ट उघडणारच. खरा उपाय एकच होता : दर वेळी सर्व्हरने विचारायचं की मागणारा कोण, आणि हा रिपोर्ट त्याचाच आहे का. पडद्यावरून बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. पोस्टमन नावाच्या टूलमधून तीच विनंती सर्व्हरला थेट पाठवून बघ, कितीदा तरी दार उघडंच सापडेल.

या दोषाला नाव आहे, हे मला नंतर कळलं : ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल. ओवॅस्प ही संस्था वेब अ‍ॅप्समधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत हा पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला. आणि तो सापडतो कशाने? टेस्टरच्या नजरेने. तू रोज बाउंड्री, म्हणजे मर्यादेच्या कडा, तपासतोस ना, १ ते १०० चालतं तर ०, १०१ आणि उणे १ टाकून बघतोस? खरेदीच्या अ‍ॅपमध्ये नगांच्या जागी उणे १ टाकल्यावर बिल कमी झालं, तर तो नुसता बग राहत नाही, दुकानदाराच्या गल्ल्यात गेलेला हात होतो. तू विचारतोस, 'जे व्हायला हवं ते होतं का?' त्याला एक प्रश्न जोड : 'जे व्हायला नको ते होतं का?' माझ्या मते या क्षेत्राचं निम्मं शिक्षण त्या एका प्रश्नात आहे.

उरलेलं निम्मं कष्टाचं आहे. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची रीत; कुकी आणि सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्याला सर्व्हर कसा ओळखतो ते; लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, थोडं नेटवर्किंग. मी रोज रात्री जेवण झाल्यावर दोन तास बसायचो. बर्प सूट या टूलची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. ती ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसून प्रत्येक विनंती थांबवून दाखवते. तिच्याच कंपनीची, पोर्टस्विगरची, वेब सिक्युरिटी अकॅडमीही फुकट आहे, सरावाच्या लॅबसकट. लिनक्ससाठी ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट खेळ. सव्वा लाख भरण्याआधी हे तीन महिने करून बघ. मन रमलं तर कोर्सचा विचार कर.

एक गोष्ट मात्र मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. परवानगीशिवाय कुणाच्याही साइटवर हे करायचं नाही. शिकत असताना घरच्या एका बिलाच्या लिंकमध्येही मला असाच आकडा दिसला होता. बोट की-बोर्डवर गेलं होतं. मागे घेतलं. २००० च्या आयटी कायद्याचं कलम ६६ बघ : अप्रामाणिक हेतूने परवानगीविना दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी फक्त बघत होतो' हे पोलिसांना पटवत बसण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये. सराव करायला लॅब आहेत, तुझ्याच कंपनीचं टेस्टिंग सर्व्हर आहे. तिथेही आधी लीडला विचार, आणि होकार मेलवर घे.

आणि बग रिपोर्ट लिहायचा कंटाळा करू नकोस. आज मला पगार भोक शोधण्याचा जितका मिळतो, तितकाच ते समोरच्याला पटेल असं लिहिण्याचा मिळतो. पायऱ्या, पुरावा, कुणाचं काय नुकसान होईल, दुरुस्ती काय. हे सगळं तू आत्ता फुकट शिकतो आहेस. तुझ्याकडे चिकाटी आहे. बारावीत एकच गणित चार रीतींनी सोडवून बघायचास, ते मी विसरलेलो नाही.

उद्या ऑफिसात गेलास की लीडचा होकार मेलवर घे आणि मग एवढंच कर. तुझ्या अ‍ॅपवर दोन खाती उघड, एकातून दुसऱ्याचं काही दिसतं का बघ, आणि जे दिसेल ते मला लिही. काहीच दिसलं नाही तरी लिही, काय काय करून पाहिलंस ते.

दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने येशील तेव्हा लॅपटॉप सोबत आण. सकाळी तर्री पोहे खाऊ आणि माझ्या खोलीत बसून पहिली लॅब सोबतच सोडवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकमित्र