चर्च कार्यालयातले काम पुरे होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चर्चच्या कार्यालयात माणूस टिकत नाही’ ही तक्रार आमच्याकडच्या, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळांच्या बैठकांत नेहमी ऐकू येते. पगार तुटपुंजा असतो हे खरेच, आणि ‘ही नोकरी नव्हे, सेवा आहे’ असे म्हणून त्यावर पांघरूण घालणे बरे नाही. पण पगार वाढवला तरी माणूस वैतागतो. सकाळी कुलूप निघाले की दाखला मागणारे, हॉलच्या तारखेची चौकशी करणारे, ‘पाळकसाहेब आहेत का’ म्हणून डोकावणारे आणि ‘जरा एक झेरॉक्स काढून द्या’ म्हणणारे एकामागून एक येत राहतात. संध्याकाळी टेबलावर दहा कामे अर्धवट पडलेली असतात. सांगली आणि सातारा भागातल्या मंडळ्यांचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, दप्तर सांभाळणारे आम्ही काहीजण हे पत्र एवढ्यासाठीच लिहीत आहोत की या कामात समाधान आहे, भरपूर आहे, पण ते पुऱ्या झालेल्या नोंदीत आहे. नोंद पुरी व्हायला निवांत वेळ लागतो आणि तो राखून देणे पंचमंडळाच्या हातात आहे.

पहिली गोष्ट वेळेची. लोकांसाठी सकाळी 10 ते 1 आणि दप्तरासाठी दुपारी 2 ते 4, अशी पाटी दारावर लावावी आणि ती पंचमंडळातल्या वडिलांनीही (म्हणजे पंचांनीही) पाळावी. पाटी मोडणारे बहुधा तेच असतात! दुपारच्या या दोन तासांत फोन पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) घरी किंवा सचिवांकडे वळवावा. मृत्यूची बातमी एवढाच अपवाद.

या दोन तासांत काय करायचे? सर्वात आधी बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांची सूची. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्यांसाठी सरकारी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे. पण ज्यांच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झालीच नाही असे कितीतरी वृद्ध आजही पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी, वारसाच्या कामासाठी बाप्तिस्म्याचा उतारा मागायला येतात. सूची नसेल तर एका उताऱ्यात अर्धा दिवस जातो, कारण आजींना वर्ष नक्की आठवत नसते आणि ‘पाऊस लय होता त्या साली’ एवढ्यावर वह्या चाळाव्या लागतात. सूची असेल तर वीस मिनिटांत उतारा हातात पडतो. सूचीत रकाने सातच हवेत : वही क्रमांक, पान, नोंद क्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. रोज 30 नोंदी उतरवल्या तर महिन्याला साडेसहाशेच्या आसपास होतात. मध्यम आकाराच्या मंडळीचे जुने दप्तर वर्ष-दीड वर्षात हाताशी येते.

सूची करताना आडनावाच्या रकान्यात आडनाव दोनदा लिहावे लागते, एकदा वहीत जसे आहे तसे आणि एकदा आजच्या रूढ लेखनाने. मिशनच्या काळातल्या पुष्कळ नोंदी इंग्रजीत आहेत आणि लिहिणाऱ्याच्या कानाला जसे पडले तसे स्पेलिंग झाले आहे. एकाच घरातल्या तीन भावंडांची आडनावे तीन तऱ्हेने लिहिलेली सापडतात. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. आधार कार्डाशी जुळावे म्हणून लेखनिक उताऱ्यातले नाव परस्पर ‘दुरुस्त’ करून देतो. उतारा म्हणजे वहीतल्या नोंदीची हुबेहूब नक्कल. वहीत एक आणि उताऱ्यात दुसरे असे निघाले की तो कागद तर बाद होतोच, शिवाय त्या कार्यालयाच्या पुढच्या उताऱ्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नावातला फरक अर्जदाराने प्रतिज्ञापत्राने मिटवायचा असतो, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितले तर त्याचे दोन हेलपाटे वाचतात.

वहीतच चूक असेल तर? व्हाइटनर कार्यालयात ठेवूच नये. विवाह नोंदवहीबद्दल 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचे कलम 78 अगदी स्पष्ट आहे. चूक लक्षात आल्यापासून एका महिन्याच्या आत, त्या जोडप्यासमोर, आणि ते हयात नसतील किंवा हजर नसतील तर दोन विश्वासू साक्षीदारांसमोर, मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्यांनाही हीच शिस्त लावली तर पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला काय बदलले, कोणी बदलले, कधी बदलले हे एका नजरेत कळते.

लग्नाच्या कागदांत धांदल उडते ती मे आणि डिसेंबरमध्ये. वराचे वय 21 आणि वधूचे 18 पूर्ण असल्याचा पुरावा, दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दुसऱ्या मंडळीतल्या पक्षाचे तिथल्या पाळकांचे ना-हरकत पत्र, आधीचे लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि साक्षीदारांची नावे, ही यादी छापून ठेवावी आणि तारीख विचारायला येणाऱ्याच्या हातात आधी तीच द्यावी. तारीख नंतर. परवानाधारक पाळकांच्या हातून होणाऱ्या लग्नात त्या लग्नाची नोटीस चर्चमध्ये ठळक जागी लावायची असते आणि नोटिशीवर दिलेले प्रमाणपत्र दोन महिनेच चालते. लग्न पुढे ढकलले आणि दोन महिने उलटले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. ढकललेली लग्ने लाल शाईने लिहून ठेवावीत ती यासाठी.

दुसरी मेख वेळेची. विशेष परवाना नसेल तर या कायद्याखाली लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळात लागावे लागते. पत्रिकेवर ‘सायंकाळी 6’ छापायचे आणि वऱ्हाडाची बस कोल्हापूर रस्त्यावर अडकून पावणेसातला पोचायची, असे झाले की पाळक घाम पुसत घड्याळ बघतात. लेखनिकाने पत्रिका छापायला जाण्यापूर्वीच उपासनेची वेळ दुपारी साडेचारच्या आत घ्यायला सांगावी. सह्यांचे टेबल, दोन चालू पेने आणि साक्षीदारांची नावे लिहिलेला कागद उपासनेआधी मांडून ठेवावा. फोटोंच्या गडबडीत एखादा साक्षीदार जेवायला निघून जातो आणि सहीचा रकाना कोरा राहतो. तो रकाना भरून घेतल्याशिवाय वही मिटायची नाही.

दानाच्या मोजणीबद्दल थोडक्यात. मोजणी रविवारी उपासना संपल्या संपल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी, उघड्या खोलीत करावी. नोटा-नाण्यांचा तपशील लिहिलेल्या पावतीवर दोघांच्या सह्या हव्यात. लेखनिकाने मोजणीला बसू नये, कारण तोच हिशेब लिहितो. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. ‘घंटेच्या दोरीला दोनशे दिले, बाकीचे भरले’ असे कधीही करू नये. आधी पूर्ण भरणा, मग व्हाउचरवर खर्च. क्यूआर कोड मंडळीच्याच खात्याचा लावावा, खजिनदारांच्या मोबाइल नंबरचा नको, मग ते कितीही सज्जन असोत. पैसे पाठवताना शेऱ्यात कुटुंब क्रमांक लिहायची सवय लावली नाही तर महिनाअखेरीस पासबुकात नुसत्या रकमा दिसतात आणि वर्गणी कोणाच्या नावावर टाकायची ते कळत नाही. इमारत निधीतून वीजबिल भरून ‘नंतर वळते करू’ म्हणणारे पंचमंडळ असेल तर लेखनिकाने तसा ठराव लेखी मागावा. लेखी म्हटले की निम्मे प्रस्ताव तिथेच विरतात.

साप्ताहिक पत्रकाचा मजकूर गुरुवारी संध्याकाळी बंद करावा. शनिवारी रात्री नऊला गीत क्रमांक बदलणारे पाळक असतात, त्यांना फळा आणि खडू दाखवावा.

नवे पंचमंडळ निवडून आले की विश्वस्त बदलल्याचा ‘बदल अर्ज’ 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहिला तर परिशिष्टावर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीत, निवर्तलेल्या विश्वस्तांची नावे तशीच राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि मग पगाराचा धनादेशही अडतो. वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात वकिलांकडे पोचली की हे काम डोक्यावरून उतरते.

सांगलीकरांना वेगळे सांगायला नको, पण दप्तराच्या बाबतीत पाण्याचा विचार आधी करावा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. कृष्णेकाठच्या मंडळ्यांनी नोंदवह्या तळमजल्यावर ठेवूच नयेत आणि ते शक्य नसेल तर 40 फुटांचा इशारा आल्याबरोबर त्या हलवाव्यात. कोणी, कोणत्या गाडीतून, कोणाच्या घरी, हे पावसाळ्याआधी ठरलेले असावे. भिजलेली वही उन्हात उघडी वाळवू नये. पाने आकसतात, एकमेकांना चिकटतात आणि शाई पसरते. पंख्याखाली, पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून, तो वरचेवर बदलत वाळवावी. छापील वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई पानावर उठते (संपादकांनी रागावू नये). 48 तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून वह्या पुष्कळ असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि एकेक काढून वाळवाव्यात. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला पूर नाही, पण चार महिने हवेतच पाणी असते. तिथे लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि उघडीप मिळेल त्या दिवशी दारे उघडी टाकावीत. जुन्या पानांना लॅमिनेशन मात्र कुठेही करू नये. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. त्यापेक्षा प्रत्येक पानाचा वरून सरळ फोटो घ्यावा आणि दोन वेगवेगळ्या इमारतींत दोन प्रती ठेवाव्यात.

या खुर्चीवर बसणाऱ्याच्या कानावर पुष्कळ काही पडते. कोणाच्या घरात भांडण आहे, गरीब निधीतून कोणाच्या मुलाची फी भरली, कोणाला कोणता आजार आहे. प्रार्थनेच्या विनंतीत आजाराचे नाव घालायचे असेल तर घरच्यांना विचारूनच घालावे. व्हॉट्सॲप गटावर गेलेले नाव परत घेता येत नाही. निधीच्या व्हाउचरवर क्रमांक लिहावा आणि क्रमांकापुढचे नाव पाळकांच्या वहीत असावे. लेखापरीक्षकाला ती वही दाखवता येते.

शेवटचा मुद्दा सुट्टीचा. रविवारी लेखनिक कामावर असतो, सोमवारी भरणा असतो आणि पाळकांची विश्रांतीही बहुधा सोमवारीच, म्हणून कार्यालय तेव्हा त्याच्याच गळ्यात पडते. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी द्यावी. येत्या वार्षिक सभेत हा ठराव घेताना, मंगळवारी दफनाची बातमी आली तर फोन कोणी घ्यायचा आणि दफनभूमीची किल्ली कोणाकडे असेल, हेही नावानिशी लिहून कार्यालयाच्या दारावर लावावे.

आपले,
मंडळ्यांचे दप्तर सांभाळणारे काही वाचक,
सांगली व सातारा